मागच्या रांगेतली हरणी

पडद्यावरची म्हैस शंभर म्हशींच्या गर्दीतून बाहेर आली आणि पॉपकॉर्नच्या पुड्यात गेलेला आक्काचा हात तिथंच थांबला.

अख्खं थिएटर उठून उभं राहिलं होतं. पुढच्या चार रांगा आक्काच्याच गल्लीनं भरल्या होत्या. तालमीची पोरं शिट्ट्या मारत होती, कुणीतरी 'हरणी, हरणी' म्हणून ओरडत होतं, आणि आक्काच्या शेजारी तिचा नवरा कृष्णात फेटा सावरत, लग्नातल्या वरबापासारखा चारी दिशांना हात जोडत होता. पडद्यावर ती म्हैस धावत जाऊन एका लहान मुलीच्या खांद्याला नाक घासू लागली.

आक्कानं डोळे बारीक केले. म्हशीची दोन्ही शिंगं सरळ पाठीवर गेली होती, एकमेकांना धरून. घरच्या हरणीचं डावं शिंग टोकाला भोपळ्याच्या देठासारखं मुरडलेलं. नऊ वर्षं त्या शिंगाला आक्का तेल लावत आली होती. ही हरणी नव्हती.

मग तिची नजर मागं सरकली. बाजाराच्या गर्दीत, अगदी मागच्या रांगेत, उजवीकडून तिसरी. तेच मुरडलेलं शिंग. पोरीच्या हाकेनं बाकीच्या म्हशींनी माना वर केल्या होत्या. ही एकटी रवंथ करत, पडद्याबाहेर कुठंतरी बघत उभी होती. तुम्ही चालू द्या तुमचं, असा तिचा चेहरा.

"रडालीस व्हय आक्का?" पलीकडच्या खुर्चीवरून नजीरानं विचारलं.

"न्हाई गं. नीट बघालोय."

"बघ, बघ. तुझीच म्हस हाय."

आक्कानं नवऱ्याकडं पाहिलं. गोठ्यात अंधारात नुसत्या खुरांच्या आवाजावरून कोणती म्हैस उठली ते सांगणारा माणूस. त्याला कळलं नसेल? कळलं असणारच. आणि कळूनही तो हात जोडत होता.

सिनेमाचं नाव 'टिकली'. याच नावाचं कार्टून आक्कानं वीस-पंचवीस वेळा तरी बघितलं होतं, आणि तेही अभ्यास म्हणून. निशिगंधाबाई तालमीच्या वरच्या खोलीत दुपारी बायकांचा वाचनाचा वर्ग घ्यायच्या. साठीला आलेल्या सात जणी, त्यात आक्का आणि नजीरा एका सतरंजीवर. बाई भिंतीवर ते कार्टून लावायच्या आणि खाली उमटणारी वाक्यं बायकांनी मोठ्यानं वाचायची. विकली गेलेली एक म्हैस आणि तिला शोधत बाजारोबाजार फिरणारी एक पोरगी. अक्षरं भराभर पळायची, बायका मागं राहायच्या. पण गोष्ट इतकी गोड, की पुढं काय झालं ते कळावं म्हणून सातही जणी महिन्याभरात वाचायला लागल्या.

आता त्याच गोष्टीचा खऱ्या माणसांचा, खऱ्या म्हशींचा सिनेमा निघाला होता. चित्रीकरण मुरगूडकडं झालं, म्हशी इथून, कोल्हापूरच्या गंगावेशीतून गेल्या, त्यात कृष्णातची हरणीही, आणि तिच्याबरोबर तो स्वतःही. परत आल्यावर कृष्णात एवढंच म्हणाला होता, "हाय ती सिनेमात. दिसंल की." पुढचं सगळं गल्लीनं केलं. तालमीच्या उदयसिंहनं चौकात भलामोठा डिजिटल बोर्ड लावला: 'सिनेतारका हरणी कृष्णात गवळी हिचे हार्दिक अभिनंदन'. मध्ये हरणी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अकरा पोरांची तोंडं, सगळ्यांनी गॉगल घातलेले.

निशिगंधाबाईंच्या भावाचं एक छोटं साप्ताहिक होतं. बाई म्हणाल्या, आक्का, परीक्षण तुम्हीच लिहायचं. कार्टून तुमच्याएवढं कुणी बघितलेलं नाही आणि म्हशीतलं तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. आक्का आधी हसली. मग तिनं घरी येऊन नवी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि दोन दिवस त्या तारखेकडंच बघत राहिली.

सिनेमा बघून आल्यावर संध्याकाळी ती गोठ्याच्या दारात पायरीवर वही घेऊन बसली. कृष्णात पाट्यांमधून भिजवलेली पेंड घालत होता. फेटा अजून डोक्यावरच होता.

"कुटंपतूर आलंय?" त्यानं विचारलं.

"पोरगी अजून घरातच हाय. निघाली न्हाई."

"लौकर काढ तिला. मधल्या सुट्टीच्या आदी बाजार गाठाय पायजे."

आक्कानं लिहिलं. पोरगी गोड आहे, पण तिला धार काढता येत नाही हे दिसतं. ती सडाला देवळातल्या घंटेच्या दोरीसारखी ओढते. गाणी चांगली आहेत. बाजारातली धूळ खरी आहे, आमच्या नाकात गेली. इथपर्यंत पेन्सिल घरच्या रस्त्यावरून चालल्यासारखी चालली. मग शेवट आला आणि ती थांबली.

खरं लिहिलं, तर उद्या गल्ली ह्यांना विचारणार. फेटा बांधून हात कुणाच्या म्हशीसाठी जोडले, म्हणून विचारणार. कोल्हापुरात माणसाला वर चढवायला एक सकाळ लागते आणि त्याची टिंगल मात्र वर्षभर पुरते. खोटं लिहिलं, तर कुणाला कळणार नव्हतं. दुधाच्या गिऱ्हाइकांना सगळ्या म्हशी काळ्याच. पण तिच्या नावानं छापून येणारा हा पहिलाच कागद. आयुष्यभर अंगठा उठवला होता तिनं, आणि अंगठा खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं. आता सही आली होती. ती काय बोलणार, ते आज ठरणार होतं.

"अवो," ती म्हणाली, "शेवटाचं काय लिवू?"

कृष्णातनं पाटी हरणीपुढं ठेवली. तिच्या मानेवर हात फिरवला.

"तुला दिसलं ते लिव," तो म्हणाला, आणि पुढच्या म्हशीकडं गेला.

शनिवारी सकाळी आक्कानं वहीची चार पानं निशिगंधाबाईंच्या हातात दिली. बाई उभ्या उभ्या वाचायला लागल्या. आधी हसल्या. मग खुर्चीत बसल्या. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"आक्का, हे छापू?"

"छापा की."

"कृष्णातमामांना दाखवलं?"

"त्यास्नी वाचाय येत न्हाई बाई."

"मग सांगितलं तरी?"

आक्का चपला शोधत होती. पायाशीच होत्या, तरी शोधत होती. "बगितलं ते लिव म्हणालेत," ती म्हणाली. "तेवडंच लिवलंय."

रविवारी संध्याकाळी दूध कट्टा भरला. म्हशी ओळीनं उभ्या होत्या, अंग धुऊन चकचकीत. गिऱ्हाइकं पेले घेऊन थांबलेली. समोर धार काढायची, फेस पेल्याबाहेर आला की तसाच पेला हातात द्यायचा, आणि पिणाऱ्यानं पांढऱ्या मिशीनं 'वा' म्हणायचं, ही इथली रीत. आज गर्दी जास्त होती. सिनेतारकेचं दूध प्यायला शिरोळहून एक अख्खं कुटुंब आलं होतं, आणि त्यातली म्हातारी हरणीच्या पाया पडून बाजूला झाली होती.

निशिगंधाबाई अंकांचा गठ्ठा घेऊन आल्या. उदयसिंहनं एक अंक ओढून घेतला, फोटो बघितला आणि वर धरला. "ए, गप्प बसा सगळी. आक्कांचं परीक्षण आलंय. फोटोसकट."

"माझ्याकडं दे," कृष्णात म्हणाला. तो हरणीखाली बादली घेऊन बसला होता. ओल्या हातानं त्यानं अंक घेतला, उलटा-सुलटा केला आणि बायकोपुढं धरला. "तूच वाच. मोठ्यानं वाच."

आक्कानं पदर खोचला. निम्मी गल्ली समोर होती. तिनं वाचायला सुरुवात केली, बोट ओळीखाली ठेवून, एकेक शब्द पुरा करत. घंटेच्या दोरीपाशी सगळे हसले. धुळीपाशी नजीरा म्हणाली, "खरंय, मी तर शिंकलो." आक्काचा आवाज मोकळा झाला. मग बोट शेवटच्या परिच्छेदावर आलं.

तिनं एकदा खाली पाहिलं. कृष्णातची पाठ तिच्याकडं होती. बादलीत धार पडत होती, एका लयीत.

ती वाचू लागली.

"कार्टूनमधली म्हैस रंगानं काढलेली आहे. तिला वास नाही, तिच्यावर माशी बसत नाही. तरी ती खरी वाटते. कारण व्यापारी पेंड दाखवतो, ती जात नाही. गडी हाक मारतो, ती जात नाही. पोरीनं हाक मारल्यावरच ती येते. नव्या सिनेमातली म्हैस जिवंत आहे. पण ती पेंडीकडं जाते, गड्यामागं जाते आणि मग पोरीकडंही जाते. जी कुणाच्याही हाकेला येते, ती पोरीच्या हाकेला आली यात नवल ते काय? म्हणून मला कार्टून जास्त खरं वाटलं.

"ही म्हैस चांगली आहे, पण ती आमची हरणी नाही. हरणी मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी आहे. परक्या पोरीनं हाक मारली म्हणून ती गेली नाही. यात तिचं चुकलं नाही. तिच्या मालकानं हाक मारली असती, तर ती दोरी तोडून आली असती. पण सिनेमावाल्यांनी मालकाला विचारलंच नाही."

धार थांबली होती.

शिरोळची म्हातारी लेकाला हळूच म्हणाली, "मग आपण कुनाच्या पाया पडलो?"

उदयसिंह कपाळ खाजवत पुढं आला. "म्हंजे मामा, आमी डिजिटल कुनाचं लावलंय?"

कृष्णात बादली घेऊन उठला. सगळ्यांकडं बघितलं. मग हरणीच्या पाठीवर थाप मारली.

"फोटू कुनाचा हाय त्यावर?"

"हिचाच."

"मग? सिनेमात हाय म्हणालतो, हाय. हिरोईन कोन म्हणालं? तूच म्हणालास. जा, हाक मार तिला. येती का बघ."

उदयसिंहनं बाह्या सरसावल्या. कृष्णातनं हरणीचा कासरा सोडून दिला. उदयसिंहनं लांब उभं राहून हाक मारली, मग चुचकारलं, मग पेंडीचा गोळा दाखवला. हरणीनं त्याच्याकडं बघितलं आणि शेण टाकलं. कट्ट्यावर हशा उसळला. मग काय, रांगच लागली. तालमीची पोरं आली. नजीरानं गुळाचा खडा हातावर ठेवून लाडीगोडी केली. शिरोळच्या म्हातारीनं आपल्या गावाकडची हाक घातली, ती ऐकून चार म्हशी पलीकडून वळल्या, पण हरणी नाही. प्रत्येक जण परतला की पुढचा जोरात येई, आणि प्रत्येक वेळी हसू आधीपेक्षा मोठं होई. अर्ध्या तासात सगळ्या कट्ट्याला मागच्या रांगेतली म्हैस हिरोईनपेक्षा भारी वाटायला लागली.

"नाद न्हाई करायचा हरणीचा," उदयसिंह दमून बसत म्हणाला. "डिजिटल राहू दे. नुसतं 'मागची रांग' म्हणून खाली लिवतो."

त्या गोंधळात कृष्णात आक्काजवळ येऊन उभा राहिला. दोघं गर्दीकडं बघत होते.

"विचारलतं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"सिनेमावाल्यांनी. मला विचारलतं. म्हणाले, तुमी क्यामेऱ्यामागनं हाक मारा, म्हस येऊ दे. तुमचा आवाज मागनं काढून टाकतो, पोरीचा घालतो."

आक्का त्याच्याकडं वळली.

"मी म्हणालो, घसा बसलाय."

"तुमचा घसा?"

"मग काय म्हणू? मी हाक मारायची, ती पळत यायची, आनि म्होरं उभी कोन तर भलतीच पोरगी. तिला काय वाटलं असतं?" त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले. ते कधीचे कोरडे होते. "न्हाई जमलं मला."

मुरगूडहून परत आल्यावर दोन दिवस हा माणूस कुजबुजत बोलत होता, ते आक्काला आठवलं. दोन्ही रात्री तिनं हळद घालून दूध दिलं होतं. त्यानं तेही पिऊन टाकलं होतं.

तिनं हातातल्या अंकाकडं पाहिलं. तिच्या नावाखाली, काळ्या शाईत, शेवटची ओळ तशीच होती: मालकाला विचारलंच नाही. सगळ्या परीक्षणात तेवढी एक ओळ तिनं न बघता लिहिली होती.

निशिगंधाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांच्या हातात पेला होता आणि ओठांवर फेस.

"आक्का, सगळ्यांना फार आवडलंय. पण भाऊ विचारत होता, छापताना काही चुकलं नाही ना? चुकलं असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ."

कृष्णात हरणीचा कासरा धरायला वळला होता. वळता वळता थांबला.

आक्कानं अंकाची घडी घातली. आधी अर्धी, मग पाव.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "हाय ते बरोबर हाय."