डिस्कशिवाय पास

"तुमचं ते यंत्र आज उठलंच नाही," थोरली जाऊ जेवता जेवता म्हणाली.

धाकटीचा घास हातातच राहिला. थोरली जाऊ एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणी विभागात कामाला होती. धाकटीचा नवरा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हीही वहिनीच म्हणायची. आणि त्या विभागातली यंत्रं ज्या कंपनीची, त्याच कंपनीत धाकटी गेली बारा वर्षं चाचण्या घेत होती.

"उठलं नाही म्हणजे नक्की काय झालं, वहिनी?"

"काल एक दिवा लाल झाला होता. आज सकाळी बंद करून चालू केलं, तर काळा पडदा. नुसता काळा. सगळे नमुने शेजारच्या इमारतीत पाठवावे लागले. तुमचा माणूस आला आणि म्हणाला, एक डिस्क गेलीय."

"एक गेली तरी चालायला पाहिजे. दुसरी असते ना."

"ते मला काय सांगतेस? यंत्राला सांग."

ऑफिसात धाकटीला सगळे शंकासूर म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. पण त्या दिवशीची शंका काही सुटेना. कारण एक डिस्क मेली तर काय होतं, याची चाचणी तिच्याकडे होती. नऊ नंबरची. रोज सकाळी चालायची आणि रोज हिरवी यायची.

त्या यंत्रांचं दुखणं असं होतं की त्यांची मुख्य फाइलसिस्टिम, म्हणजे जिथे सगळा कारभार असतो ती जागा, सरळ एका डिस्कवर नव्हती. दोन डिस्कची जोडी, जोडीवर कुलूप, कुलपाच्या आत कप्पे. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत. म्हणून यंत्र चालू झालं की आधी एक छोटीशी बूट इमेज, म्हणजे यंत्राला उठवणारा प्रोग्राम, मेमरीत उतरायची. तिने डिस्क शोधायच्या, जोडी जमवायची, कुलूप उघडायचं आणि मग खऱ्या कारभाऱ्याला आत घ्यायचं. ती चुकली की पुढे नुसता काळा पडदा.

चाचणी साधी होती. कॉम्प्युटरच्या आत एक नकली यंत्र उभं करायचं आणि त्याला हव्या तशा डिस्क लावायच्या. ते नीट आत पोचलं, तर एका वेगळ्या चिमुकल्या डिस्कवर 'पोचलो' एवढा एक शब्द लिहायचं. त्या डिस्कला सगळे चिठ्ठी म्हणत. यंत्र दोन मिनिटांत आपणहून बंद झालं नाही, तर चाचणी त्याला बंद करायची आणि चिठ्ठी वाचायची. पोचलो असेल तर हिरवं. अशा चौदा चाचण्या होत्या. नकली यंत्राचा पडदा कुणी उघडून बघत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने नऊ नंबर हाताने चालवली. एक डिस्क काढलेली. हिरवी.

"असं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने दुसरी डिस्कही काढली. आता यंत्राला काहीच नव्हतं. जायचं कुठे, हाच प्रश्न. दोन मिनिटं ती निकालाची वाट बघत बसली.

हिरवी.

डिस्कच नाही, आणि यंत्र म्हणतंय पोचलो. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि यंत्रं आपणहून खोटं बोलत नाहीत.

तिने बदलांची नोंद उघडली. चाचण्यांच्या फाइलला शेवटचा हात लागला होता दोन आठवड्यांपूर्वी, आणि तो मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे चार महिन्यांपूर्वी आलेले गृहस्थ. आधी शाळेत गणित शिकवायचे, पन्नाशीजवळ आल्यावर या धंद्यात आले. कुणात मिसळायचे नाहीत. सगळ्यांच्या आधी यायचे. आणि आता तिला आठवलं, ती त्यांच्या मागून गेली की ते कॉम्प्युटरवर उघडलेली खिडकी झटकन बंद करायचे.

तेव्हा तिला वाटलं होतं, असेल काही घरगुती. आता तसं वाटेना.

दोन दिवस तिने त्यांच्यावर पाळत ठेवली. ते पाणी प्यायला उठले की किती वेळ लावतात, कुणाशी बोलतात, जेवणाच्या सुट्टीतही टेबलाशीच का बसतात. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावर एक रेघांची वही उघडीच राहिली. दुसऱ्याची वही वाचू नये हे तिला कळत होतं. तिने वाचली.

अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल होतं. रोजची तारीख, आणि पुढे: 'चाचणी ४. इमेज मुद्दाम बिघडवली. निकाल पास.' 'चाचणी ९. इमेजच दिली नाही. निकाल पास.' अशी तीन आठवड्यांची तीन पानं भरली होती.

म्हणजे याला सगळं माहीत होतं.

मास्तर परत आले तेव्हा ती वही हातात घेऊनच उभी होती.

"हे काय आहे, मास्तर?"

त्यांनी आधी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घाबरलेले दिसले नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"तुम्ही वाचलंय, म्हणजे कळलंच असेल."

"चाचण्या खोट्या आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि फाइलला शेवटचा हात तुमचा आहे. तिकडे माझ्या जावेच्या विभागात यंत्र बंद पडलं, नमुने घेऊन लोक पळताहेत, आणि तुम्ही इथे वही लिहीत बसलात?"

"माझा हात शेवटचा आहे, खरं आहे. एका ओळीतलं स्पेलिंग सुधारलं मी." मास्तर सावकाश खुर्चीत बसले. "माझ्या आधीची नोंद बघितलीत?"

तिने बघितली नव्हती. चोर सापडल्यावर कोण पुढे शोधतो?

मास्तरांनी स्वतःचा कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. तीन महिन्यांपूर्वीचा बदल. आधी प्रत्येक चाचणीसाठी कोरी चिठ्ठी तयार व्हायची. या बदलात ती पायरी काढून टाकली होती, आणि सगळ्या चाचण्यांना एकच चिठ्ठी लावली होती. ती कुणी पुसतच नव्हतं. पहिल्या दिवशी पहिलं यंत्र पोचलं, त्याने 'पोचलो' लिहिलं, आणि तोच शब्द चाचण्या तीन महिने वाचत होत्या. बदलाखाली लिहिलं होतं, 'वेळ वाचवला'. आणि त्याखाली तिचं नाव.

तिला ती दुपार आठवली. चौदा चाचण्यांना चाळीस मिनिटं लागतात म्हणून साहेब कुरकुरत होते. तिने अर्ध्या तासात बदल करून दिला. सगळं हिरवं आलं, म्हणून पुन्हा पाहिलंही नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

"मग मला सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं.

"कारण मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम केलंय. नवी आवृत्ती वेळेत बाहेर पडावी म्हणून." मास्तर नजर न चुकवता बोलत होते. "वर्गात सगळ्यांचे पेपर अचानक शंभरपैकी शंभर आले, की मास्तर आधी खिडकी बघतो, कॉपी कुठून आली ते."

"बारा वर्षं काम करतेय मी इथे! कुणाला तरी विचारायचं होतं माझ्याबद्दल."

"ते सगळे तुमचेच. मी चार महिने बघतोय, आणि त्यातले तीन हे असे. नुसतं बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं? पुरावा जमवत होतो. पुढच्या सोमवारी साहेबांकडे जाणार होतो."

ज्या माणसावर आपण दोन दिवस डोळा ठेवला, तो आपल्यावर तीन आठवडे डोळा ठेवून होता, हे तिला पचेना. भांडावंसं वाटत होतं, पण भांडायला हातात काही नव्हतं. ती वही घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे?" आणि त्या प्रश्नाचा वास तिला बरा वाटला नाही.

"मास्तरांना. आणि आता सगळ्यांनाच कळेल, साहेब. मीच सांगणार आहे."

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. म्हणाले, "कोरी चिठ्ठी लावा आणि चालवा."

चाळीस मिनिटं सगळे तिच्या टेबलाभोवती उभे होते. चौदापैकी तीन लाल आल्या. नऊ नंबर त्यात होतीच. एक डिस्क मेलेली असली की इमेज दुसरीची वाट बघत बसायची. किती वेळ थांबायचं आणि कधी एकटीवर निघायचं, हे गेल्या तीन महिन्यांत बदललेल्या इमेजला कुणी सांगितलंच नव्हतं. ती बिचारी अजूनही थांबली असती. नवी आवृत्ती रोखली गेली. हॉस्पिटलांत लागलेल्या यंत्रांना पाच दिवसांत सुधारलेली इमेज गेली.

वहिनीच्या विभागातलं यंत्र एका डिस्कवर उठलं. आतली माहिती शाबूत होती. घरी धाकटीने चूक कुणाची होती ते सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "आपण हसे लोकाला, आणि शेंबूड आपल्या नाकाला." मग थोड्या वेळाने तिच्या पानात न विचारता आणखी वाढलं.

साहेबांनी नियम केला की चाचण्यांमधला कुठलाही बदल दोघांनी वाचल्याशिवाय आत जायचा नाही. दोघं म्हणजे ती आणि मास्तर. मास्तर तिची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचायचे. तीही त्यांची तशीच वाचायची. त्यांची खिडकी आता उघडी असायची, तरी जाता येता तिची नजर तिकडे जायचीच.

महिन्याभराने तिला राहवलं नाही.

"आता तरी पटलं का मास्तर, मी मुद्दाम केलं नव्हतं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि विचार केला. खरोखरच विचार केला.

"ऐंशी टक्के," ते म्हणाले.

तिला राग यायला हवा होता. पण तिने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दाखवा, आज काय बदललंय ते."