लख्ख

उसनं आणलेलं भांडं रिकामं किंवा मळकं परत करणं सुनेत्राच्या रक्तातच नव्हतं. त्यातून ही तर शेजारच्या एलनची चांदीची किटली, हळदीकुंकवाच्या मसाला दुधासाठी मागून आणलेली.

ती एलनच्या नवऱ्याने, वॉल्टरने, स्वतः घडवली होती. जुन्या रोकोको थाटाची: शिंपले, वळसे घेत चढणारी पानं, आणि एक बाजू दुसरीसारखी असेल तर शपथ. वॉल्टरला जाऊन दोन वर्षं झाली होती. अ‍ॅशबर्न या अमेरिकेतल्या गावच्या झाडून साऱ्या मराठी बायकांनी हळदीकुंकवाला किटलीचं कौतुक केलं. फक्त त्यांतली रुपाली म्हणाली, "खाचांमध्ये केवढं काळं साचलंय गं!" आणि सुनेत्राच्या जिव्हारी लागलं.

"अगं, आहे तशी रिटर्न कर ना यार," नवरा संग्राम म्हणाला.

"काळी? काय म्हणेल ती!"

मग काय, टूथपेस्ट, चिमूटभर रांगोळी आणि जुना ब्रश घेऊन बाईसाहेब दोन तास घासत बसल्या. काळ्याचा ठिपकाही उरू दिला नाही. आत तिळगुळाच्या वड्या ठेवल्या आणि मोठ्या ऐटीत शेजारची बेल वाजवली.

एलनने किटली हातात घेतली. तिचं बोट एका पानाच्या कडेने फिरलं आणि थांबलं.

"इथलं काळं कुठे गेलं?"

"मी घासून काढलं," सुनेत्रा अभिमानाने म्हणाली.

"वॉल्टरने लावलं होतं ते. बारीक ब्रशने, प्रत्येक खाचेत. सावलीशिवाय पान उठून दिसत नाही म्हणायचा. हात थरथरायचे त्याचे तेव्हा. तीन आठवडे लागले." एलनचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सुनेत्राचे कान तापले. "सॉरी, मला..."

"तुला कसं ठाऊक असणार." एलनने वड्या काढून घेतल्या, आभार मानले आणि किटली तिच्या हातात परत दिली. "ठेव तुझ्याकडेच. मला आता यात तो दिसत नाही."

अंगणातून घरापर्यंतची वीस पावलं सुनेत्रा मान खाली घालून चालली. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

दारात संग्राम उभा होता. "अरे, परत आणलीस? आवडली नाही का तिला?"

"खूप आवडली," सुनेत्रा म्हणाली. "खूश होऊन आपल्यालाच दिली."


"बघ! किती मोठ्या मनाची बाई," संग्राम म्हणाला आणि किटली कौतुकाने हॉलमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी मांडली.