शालीखालची पिशवी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं बस चालवली. मध्येच गाडी थांबवून उतरणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हातारपणी लघवीची धार बारीक झाली, रात्री चार-चारदा उठू लागले, तरी "वय झालं" म्हणून गप्प. मग एका सकाळी ती साफ बंदच झाली. पोट टम्म फुगलं. दवाखान्यात नळी घातली तेव्हा सव्वा लिटर निघाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "ही दोन मूत्रपिंडं. रक्त गाळून लघवी करतात. ती या बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात उतरते. तिथं तोंडाशी असलेली प्रोस्टेटची गाठ वाढलीय, म्हणून वाट अडली. आठवडाभर नळी राहू द्या. आणि नळीला जोडलेली ही पिशवी कायम कमरेच्या खाली टांगा. वर ठेवलीत तर आतली घाण उलटी फिरेल."

मी मान हलवली. सगळं समजलं होतं मला.

तिसऱ्या दिवशी घरी दारावर थाप पडली. ह्यांच्या गाडीवरचा जुना कंडक्टर आला, बायकोला घेऊन. ह्यांनी पलंगाला टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिशवी उचलून त्यांच्या कुशीशी ठेवली, वर शाल टाकली आणि दार उघडलं.

"काय ड्रायव्हरसाहेब, गाडी गॅरेजला लागली म्हणे."

"पोट बिघडलं होतं जरा," हे म्हणाले.

"वहिनींच्या हातचं खाऊन?"

"माझ्या हातचं तुम्हीही वीस वर्षं खाल्लंत, भावजी. तुमचं पोट बरं सुटलंय."

सगळे हसले. हेही हसले. पण तासाभरानं त्यांच्या कपाळावर घाम दिसला. हात शालीवर घट्ट. मला कळत होतं. पाहुण्यांना जा कसं म्हणायचं, एवढ्यावरच माझं घोडं अडलं. आणखी तास गेला.

ते गेल्यावर शाल काढली. पिशवीत एक थेंबही वाढलेला नव्हता. खाली धरली तशी गढूळ धार सुटली. संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली, पलंग खडखडू लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पिशवी वर कुणी ठेवली?"

"मीच," हे म्हणाले. दातावर दात आपटत होते.

मी जमिनीकडे बघत राहिले. बाई निघाल्या तेव्हा त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. "मी ठेवली, बाई."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. दोन दिवस नाजूक आहेत. पिशवीवर रेघा आहेत, दर तासाला बघा. लघवी कमी झाली तर लगेच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कंडक्टर आला. पिशवी कॉटला टांगलेली, आत लालसर. ह्यांनी डोळे उघडले. पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीच नजर. माझा हात शालीकडे गेला. मी शालीची घडी केली आणि तिच्यावरच बसले.

"भावजी, पाय सांभाळा. लघवीची पिशवी आहे."

तो चपापून मागं सरला. मग हळूच म्हणाला, "मलाही धार बारीकच येते, वहिनी. दोन वर्षं झाली. घरात बोललो नाही."

"मग आत्ताच त्या बाईंना दाखवा. खाली बसतात."

ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी वाकून रेघ पाहिली. लघवी मागच्या तासाला होती तिथंच होती. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

मग मी उठून नर्सला हाक मारली.