मुदपाकखान्यातला फोटो

स्वरूपाने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पोह्यांवर खोबरं घालता घालता कुंदाने मान वळवली.

"हे बघा वहिनी, स्कॉटलंडची हवेली. चारशे वर्षांची आहे म्हणे. आणि ही मागची बाग."

बागेत सासूबाई हसत होत्या. गुलाबांच्या कमानीखाली, कारंज्यापाशी, छाटलेल्या झुडपांच्या भिंतीला टेकून, जिथे तिथे हसत होत्या. कुंदाला जावेचा सरळसरळ हेवा वाटला. दोन महिने आई इथे जर्मनीत, बोब्लिंगेनला तिच्याकडे होत्या. त्यांचं पथ्य, गोळ्या, गुडघ्यांना तेल, सगळं तिने केलं, आणि फिरायला न्यायची वेळ आली तेव्हा नेमका तिचाच उर्लाउब, म्हणजे रजेचा अर्ज, नामंजूर झाला. मग धाकटी जाऊ न्युरेम्बर्गहून आली आणि आईंना चार दिवस मिरवून आणलं. दळायचं एकीने, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या दुसरीने. इथे दोन महिन्यांत आई अशा एकदाही हसल्या नव्हत्या.

"छान रमल्या की तुझ्याबरोबर," ती म्हणाली. आवाज गोड ठेवताना तिला कष्ट पडले.

स्वरूपाने पुढचा फोटो दाखवला. हवेलीचा मुदपाकखाना. भिंतभर तांब्याची पातेली टांगलेली, आणि त्यांच्यापुढे आई गाइडला हातवारे करून काहीतरी सांगत होत्या.

"हे काय चाललंय?"

स्वरूपाने आतल्या खोलीकडे पाहिलं. आई अजून झोपल्या होत्या.

"सांगत होत्या, भांडी राखावीत तर आमच्या कुंदाने. चारही दिवस हेच चाललं होतं, वहिनी. बाग पाहिली की कुंदा, चहा प्यायला की कुंदा. मी रजा काढून नेलं, पण माझं नाव फक्त छत्री धरायला. वर मलाच म्हणाल्या, हे त्याला इंग्लिशमधून सांग."

कुंदाचा हात खोबऱ्याच्या वाटीतच राहिला.

"मग? सांगितलंस?"

"नाही." स्वरूपा मोबाइलकडेच बघत होती. "त्याला म्हटलं, आईंना तुमची बाग फार आवडली."

कुंदाने पोह्यांची पहिली बशी भरली आणि तिच्यापुढे सरकवली.

"मी असते तर तेवढंही सांगितलं नसतं."

स्वरूपाला हसू आलं. तिने डोळे पुसले आणि चमचा उचलला. कुंदा समोर बसली. थोड्या वेळाने मोबाइलकडे बोट दाखवत म्हणाली,

"बागेतले नकोत. हा भांड्यांचा तेवढा मला पाठव."