पंपाला अडवणारा कोड

मी कोडचा एक जुना तुकडा आहे. मित्रांनो, यंत्रांचे प्रोग्राम आधी माणसं लिहितात. मग कंपायलर त्यांचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. माझे भाऊबंद यंत्र सुरू झाल्यावर धावतात. मी मात्र ते रूपांतर चालू असतानाच धावतो आणि तिथेच संपतो. यंत्रात मी नसतो. असतं फक्त माझं उत्तर.

मला लिहिलं एका अभियंता बाईंनी. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणत. रुग्णाच्या शिरेत हळूहळू औषध सोडणारा पंप त्या बनवत होत्या. सिरिंज किती जाड आहे, त्यावरून मोटर किती फिरली की किती औषध जाईल, याचा तक्ता मी मांडायचो. एका झटक्यात जास्त औषध जाईल असं दिसलं, तर प्रोग्राम तयारच होऊ द्यायचा नाही, हेही काम माझंच.

"झोपलेल्या पेशंटला ओरडता येत नाही," ताई पुटपुटल्या होत्या. "तू इथेच ओरड, बाबा."

पुढे आईच्या आजारपणामुळे त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेल्याला सगळे तुफान म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण साहेबांनी त्याच्यामागे घाई लावली होती. नवी, जाड सिरिंज आली, एका झटक्यात जास्त औषध जाईल असं दिसलं आणि मी अडलो.

"परत हा आडवा आला!" तो वैतागला. पातळ सिरिंजसाठीचा माझा जुना तक्ता त्यानं प्रोग्राममध्ये तसाच चिकटवला आणि मला कॉमेंट करून, म्हणजे नुसती टीप बनवून टाकलं. कंपायलर मला ओलांडून जाऊ लागला. मी फाइलमध्ये होतो, पण मुका.

एका गवंड्याला ऑपरेशननंतर तो पंप लावला. जुन्या तक्त्यानुसार मोटर फिरली आणि जाड सिरिंजमधून भलतंच जास्त औषध गेलं. त्याचा श्वास मंदावला. नर्सनं धावत येऊन पंप बंद केला. जीव वाचला, पण मेंदूला इजा झाली.

त्याची मुलगी ऑफिसात आली.

"बाबा मला विचारतात, 'तुम्ही कोण?'" ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"



मग ताईंना बोलावलं. त्यांनी मला शोधून काढलं.

"याला का बंद केलंत?"

"दर वेळी अडायचा हो," तुफान म्हणाला.

"अडावं म्हणूनच लिहिला होता."

त्यांनी मला पुन्हा चालू केलं. मी तत्क्षणी अडलो. तुफान खुर्चीतून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पंप परत मागवले, ते मॉडेलही बंद पडलं. आता मी जुन्या सर्व्हरवर पडून आहे. मला कुणी धावायला सांगत नाही.

मित्रांनो, कुणी तुमचं काम अडवलं, तर हवं तर रागवा. पण त्याला गप्प करण्याआधी तो का अडवतोय, एवढं विचारा. मला विचारलं, पण फार उशिरा. त्या मुलीला तिचे बाबा अजूनही ओळखत नाहीत.