तणसातली ओंजळ

मित्रांनो, त्या संध्याकाळी करुणाबाईंनी माझ्यात तणसाची एक काडी ठेवली, त्यांच्या लेकीने, मेघाने, एक ठेवली आणि दोघी जेवायला बसल्या. इतकी साधी संध्याकाळ होती ती.

मी एक जुनी संत्र्याची पेटी आहे. सुताराने हलक्या फळ्या ठोकून मला घडवलं. कळमन्याच्या बाजारात माझ्या पोटात तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा, अंथरून संत्री रचत. पुढे माझी एक फळी फुटली आणि मी सरपणाच्या ढिगावर जाऊन पडले. तिथून करुणाबाईंनी मला सक्करदऱ्याच्या घरी आणलं, घासूनपुसून येशूबाळाची गव्हाण केलं. तेव्हापासून वर्षभर मी माळ्यावर धूळ खाते आणि डिसेंबर लागला की मानाने खाली उतरते.

घरची रीत अशी, की रोज संध्याकाळी प्रत्येकाने प्रभूकडे मनात काही मागायचं आणि एक काडी ठेवायची. नाताळच्या सकाळी त्या बिछान्यावर मातीचं बाळ निजवायचं, गुडघे टेकायचे. मागणं मात्र कुणाला सांगायचं नाही.

"आई, एवढे डोळे मिटून काय मागून राहिली वं?" त्या संध्याकाळी मेघाने विचारलं.

"सांगितलं त काडी बाळाले टोचते. तू काय मागितलं?"

"तुह्या हातची भाजी जराशी कमी तिखट व्हावी म्हणून!"

दोघी हसल्या.

दुसऱ्या दुपारी दोरीवर कपडे वाळत घालताना करुणाबाई कोसळल्या. त्या उठल्याच नाहीत.

त्यांना माती दिल्यावर मेघाने काडी ठेवणं सोडलं. ती माझ्याकडे पाहीनाशी झाली. तरी दिवेलागणीला माझ्या तळाच्या फळ्या करकरत आणि आत एक काडी वाढलेली असे. मित्रांनो, हात मला दिसला नाही. भार मात्र ओळखीचा होता. आणि माझ्या वाळक्या लाकडातून, इतक्या वर्षांनी, संत्र्यांचा वास येऊ लागला.

नाताळच्या आदल्या दिवशी शेजारच्या यमुताई डबा घेऊन आल्या आणि माझ्यात वाढलेल्या काड्या पाहून थबकल्या.

"या काड्या तूच ठेवून राहिली न वं, भान नसताना?"

"नाही, यमुताई."

"मंग कोण? माही मांजर त असलेल्या काड्या पसरवते." हसतच त्यांनी आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "मेघा, हे गरम लागते वं!"

तणसात खळगा पडला होता. दोन तळवे जुळवून ओंजळ धरावी तसा, डाव्या करंगळीपाशी किंचित वाकडा. करुणाबाईंची करंगळी तशीच वाकडी होती.

"माह्यं ऐक, हे चुलीत घाल," यमुताई पुटपुटल्या आणि डबा तिथेच विसरून गेल्या.

मेघाने मला मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या चुलीजवळ नेऊन ठेवलं. मी पुन्हा सरपण झाले होते.

नाताळची सकाळ झाली. दूर चर्चची घंटा वाजत होती. मेघा काडेपेटी घेऊन आली, माझ्यावर वाकली आणि तशीच थांबली. रात्रभर दव पडलं होतं, माझ्या फळ्या भिजल्या होत्या. ती ओंजळ मात्र कोरडी होती, आणि अजून ऊबदार. कुणीतरी काहीतरी घ्यायला हात पुढे करून वाट पाहावी, तशी.

मित्रांनो, एवढंच विनवते. जुनी वस्तू जाळण्याआधी तिच्यात कुणाची जागा उरली आहे का, ते एकदा पाहा.

मेघाने काडेपेटी खाली ठेवली. घरात जाऊन तिने मातीचं बाळ आणलं आणि अंगणातच गुडघे टेकले. बाळ त्या ओंजळीत अलगद मावलं. मग तिने त्याच्या पाठीखाली आपला तळवा सरकवला. काडी टोचलीच तर बाळाला नाही, तिला टोचावी म्हणून.

"प्रभू येशू, तू आमच्या घरी आलास. तुला नमन," ती म्हणाली.

माझ्या फळ्या करकरल्या. मेघाने डोळे मिटले नाहीत.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मी भाजीचं नव्हतं मागितलं वं. दरवर्षी, हरेक काडीले, मी तुहीच सोबत मागितली."