बोटभर काच

रागिणीच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर चार बारीक चिरा होत्या, आणि चारही एकाच काचेच्या. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती मागच्या खोलीत जायची. तिथं भिंतीतल्या भेगेवर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी चिकटवलेली होती. ती तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवायची, कधीमधी कापूनही घ्यायची, आणि मगच गॅस पेटवायची.

"डोयानं पाह्यलं तं पुरत नाही का?" शेजारच्या बायका हसायच्या.

"चष्म्याचा नंबर बदलला का डोये खोटं बोलतात," ती म्हणायची. "बोट नाही बोलत."

काचेची युक्ती ती मोबाइलवरच्या व्हिडिओत शिकली होती. भेगेच्या दोन्ही काठांना प्लास्टरचा एकेक गोळा लावायचा, त्यांवर काच दाबायची आणि तारीख लिहायची. भेग हलली की काच तडकते. अमरावतीच्या काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांना भेगा असायच्याच. उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं घर अंग मोडून देतं. पण ही भेग गेल्या साली नव्हती. यंदा एकदम आली, खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आणि तिरपी उतरत जमिनीला टेकली.

ती पाहून तिचा नवरा किशोर म्हणाला होता, "हे घर आता आपल्याले सोडून राह्यलं, रागिणी. विकून टाकू. अकोल्याले जाऊ."

किशोर अकोल्याला बियाण्यांच्या एका गोदामात कामाला होता. सोमवारी पहाटे बडनेऱ्याहून गाडी धरायची, आठवडाभर एका खोलीत राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी कंबर धरून परत यायचं, असं सात वर्षं चाललं होतं. जठारपेठेत त्यानं एक फ्लॅट पाहून ठेवला होता. रागिणीला फ्लॅट नको होता. या घराचा खिळा न् खिळा तिनं स्वतः ठोकला होता. मिस्त्री तीन दिवस सांगून तेरा दिवस येत नाही म्हणून तिनं आधी पुट्टी मारायला शिकून घेतलं, मग ड्रिल चालवायला, मग फरशी बसवायला. मागच्या खोलीत एका फळीवर तिची हत्यारं टांगलेली असत. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं त्याची बाह्यरेषा काढलेली, म्हणजे पकड जागेवर नसली की फळीवर पकडीचं भूत दिसायचं.

शेवटी जूनमध्ये दोघांत ठरलं. पोळ्यापर्यंत काच टिकली तर इथंच राहायचं. फुटली तर रागिणी मुकाट्यानं सामान बांधील.

ठरलं त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. भेगेवर तिचा भरवसा होता, माणसांवर नव्हता.

पहिला संशय शेजारच्या उत्तमरावांवर. रिटायर तलाठी, गावभरच्या जमिनींचे सातबारे तोंडपाठ. त्यांनी होळीनंतर सामायिक कुंपणभिंतीला लागूनच पाण्याचं भलंमोठं टाकं खोदलं होतं. शिवाय मुलासाठी ते शेजारीच जागा शोधत होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुसरा संशय घरातलाच. शनिवारी किशोर फाटकातून आत यायच्या आधी उत्तमरावांशी कुजबुजायचा आणि ती पायरीवर आली की दोघं एकदम पावसापाण्यावर बोलायला लागायचे. फोनवरही आजकाल "जेवली का?" नंतर लगेच "काच कशी हाय?" मग बाकीचं.

एकाला घ्यायचं, दुसऱ्याला विकायचं आणि मधे बोटभर काच. चमच्याची एक टिचकी मारली की काम झालं.

पोळा तीन आठवड्यांवर आला तेव्हा एका रविवारी चहा किशोरनंच टाकला आणि तिचं काचेवर बोट फिरवायचं राहून गेलं. भाजीबाजारात जाण्याआधी तिनं चहाच्या गाळणीतून भेगेखालच्या फरशीवर भिंतीची पुट्टी भुरभुरली. रांगोळी घालावी तशी, पातळ. तासाभरानं परत आली तर पांढऱ्यावर चपलेचा ठसा उमटलेला होता. डावी चप्पल, टाच बाहेरून झिजलेली. किशोरची. त्याच्या कंबरेमुळे सगळ्या डाव्या चपला तशाच झिजत.

तिनं लगेच वर पाहिलं.

काच सलग होती.

बाहेर किशोर पेपर वाचत बसला होता. इतका मन लावून, की पेपर परवाचा आहे हेही त्याला कळलं नव्हतं.

"मांगच्या खोलीत गेलते का?"

"मी? कायले?"

"असंच इचारलं," ती म्हणाली आणि वांगी धुवायला घेतली.

सोमवारी पहाटे तो गेला. रागिणीनं नेहमीसारखं काचेवरून बोट फिरवलं. बोट सर्रकन घसरलं. कापलं नाही, अडलंही नाही.

ती थबकली. पुन्हा फिरवलं. काठ गुळगुळीत होता, पाटीच्या लाकडी चौकटीसारखा.

दिवा लावला, चष्मा चढवला, मोबाइलचा उजेड पाडला. '१२ जून' तिनंच लिहिलं होतं, पण तिच्या दोनला अशी शेपटी कधी नसायची. गोळे दाबताना तिच्या अंगठ्याचे ठसे प्लास्टरमध्ये उमटले होते. आता तिथं दुसरा अंगठा होता, चांगला रुंद. आणि काचेखालची भेग जूनमध्ये केसाएवढी होती, तिच्यात आता आगपेटीची काडी गेली.

म्हणजे तिची काच केव्हाच फुटली होती. ती हरली होती. आणि फुटल्यानं ज्याचं भलं होणार होतं, त्यानंच दुसरी लावून ठेवली होती.

हे काही चांगल्या मनानं केलं असेल, अशी शंकासुद्धा रागिणीला आली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिनं बरंच काही पाहिलं होतं. तिनं हिशेब मांडला. भेग हलते हे उत्तमरावांना कळलं तर ते भाव पाडतील, म्हणून ही लपवाछपवी. ती तशीच बाहेर कुंपणभिंतीपाशी गेली आणि पलीकडे हाक मारली.

"उत्तमरावजी! तुमच्या टाक्यानं माही भिंत फाडली, अन् तुमी घर घ्याले निंघाले व्हय?"

उत्तमराव दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली.

"बाई, हे भांडण तुझा नवरा मांगल्या महिन्यातच भांडून गेला. टाकं काठोकाठ भराले लावलं त्यानं मले. खडूनं रेघ मारली. आठ दिवस मी त्यातलं थेंब पाणी घेतलं नाही. रेघ तिथंच, पाणी तिथंच. माह्या टाक्यातून काही गयत नाही."

"मंग फाटकापाशी कुजबुज कायची चालते?"

"तो म्हणे, तिले सांगू नका, ती भांडाले येईन." उत्तमरावांनी ब्रश झटकला. "आलीच तू."

रागिणी आत आली. तिला राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. त्या तिरमिरीतच ती रिक्षा करून इतवाऱ्यात अब्दुल सत्तार यांच्या हार्डवेअरच्या दुकानात पोचली. तिची पहिली ड्रिल मशीन त्यांनीच दिली होती आणि स्क्रूसाठी भिंतीत गिट्टी कशी बसवायची हेही गल्ल्यावर बसल्या बसल्या शिकवलं होतं.

"सत्तारभाई, काचेची पट्टी कोणी नेली का तुमच्याकून?"

"किशोरभाऊ घेऊन गेले ना, परवाच, शनिवारी. चार वेळा काठ घासाले लावला. मी म्हटलं, मियाँ, आरसा करता का? तं म्हणे, बायको रोज हात फिरवते, तिचं बोट कापते."

रागिणी समोरच्या बिजागऱ्यांच्या खोक्याकडे पाहत राहिली. मग तिनं भेगेचं सगळं सांगितलं, टाक्यातल्या रेघेसकट. सत्तारभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, काळी माती उगाच नाही फुगत. एकाच कोपऱ्यात पाणी मुरून राह्यलं. त्या भिंतीच्या बाहेर काय हाय?"

"गल्लीवजा जागा. खाली सिमेंटचे गट्टू बसवले मी मांगच्या दिवाळीत. एकटीनं." हे 'एकटीनं' ती नेहमी जरा ठासून म्हणायची.

"उतार कशावर पाह्यला?"

"बुडबुड्याच्या पाणसळीवर. गट्टू न् गट्टू पाह्यला."

"हातभर पाणसळ हातभरच सांगते. तीस फुटांत जरा जरा करत किती गेलं, ते तिले काय ठाव?" त्यांनी मागच्या खुंटीवरून पारदर्शक नळीचं वेटोळं काढलं. "लेव्हलची नयी. पाणी भराचं, दोन टोकं उभी धराची. पाणी दोन्हीकडं बराबर उंचीवर थांबते. तिथून खाली मोजाचं. पण याले दोन माणसं लागतात, ताई. एकटीनं होत नाही."

रागिणीनं नळी घेतली. आठवडाभर ती कोपऱ्यात पडून होती. त्या आठवड्यात तिनं काचेला हात लावला नाही.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं किशोरच्या हातात नळीचं एक टोक दिलं.

"मले काय कयते त्यातलं?"

"कयाचं नाही. धराचं हाय."

तो फाटकाच्या टोकाला उभा राहिला, ती भिंतीच्या कोपऱ्यात. नळीतलं पाणी वरखाली डोललं आणि थांबलं.

"हालवू नका! टेपानं जमिनीपर्यंत मोजा."

"एक मीटर."

रागिणीनं आपल्याकडचं मोजलं. पुन्हा मोजलं. मग उकिडवी बसली.

"इकडं एक मीटर अन् वर चार बोटं."

भिंतीकडची बाजू चार बोटं खाली. पावसाचं, धुण्याचं, आंगण धुतल्याचं, सगळं पाणी तिनं स्वतः बसवलेल्या गट्टूंवरून घरंगळत तिच्याच भिंतीच्या पायात जात होतं. तिनं गल्लीभर चोर शोधला होता.

"तुमाले माईत होतं?" तिनं विचारलं.

"मापानं नाही." किशोर नळीकडे पाहत म्हणाला. "पण पाऊस पडला का पाणी कोणीकडं जाते, थे दिसते माणसाले."

"सांगतलं काहून नाही?"

"तू पाव्हण्यारावळ्याले आणून दाखवत होती थे गट्टू."

 मग रागिणी म्हणाली, "काच फुटली. मी हारली."

"कुठं फुटली? सलग हाय."

"अंगठा तुमचा हाय तिच्याखाली."

किशोरनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, जणू त्यानंच चुगली केली होती.

"तुमाले तं जाचं होतं," ती म्हणाली.

"अजून हाय. कंबर काय खोटी दुखते?" त्यानं नळीचं टोक जपून खाली ठेवलं. "काच फुटलेली दिसली तवा खरं सांगतो, बरंच वाटलं. मंग तिथंच तुही फळी दिसली. मले त्या फ्लॅटाच्या खालची पाटी आठवली. लिहून ठेवलं हाय, परवानगीशिवाय भिंतीत खिळा मारू नये. मी इचार केला, ही तिथं दिवसभर करीन काय?"

रागिणी उठली. आत गेली आणि फळीवरून छिन्नी आणि हातोडा काढून आणला. फळीवर दोन भुतं उरली.

"हारली थे हारली," ती म्हणाली. "पण पोयाले अजून तेरा दिवस हायेत. हे उखडून उतार फाटकाकडं करू. भेग भरून नवी काच लावू, आजची तारीख टाकून. संक्रांतीपर्यंत टिकली तं घर ठेवू. नाही टिकली तं मी स्वतः त्या पाटीवरचे खिये मोजाले येईन."

"अन् माही कंबर?"

"तवरक पंधरा दिवस तुमी शनिवारचे इकडं या, पंधरा दिवस मी तिकडं येऊन राह्यते. तुमच्या खोलीचा नय गयते म्हणत होते ना? तिथं तं पाटी नाही?"

"नाही."

"मंग झालं."

किशोर तिच्या शेजारी कंबर सांभाळत बसला आणि त्यानं छिन्नीकडे हात केला. रागिणीनं ती दिली. मग त्याची पकड पाहिली, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि त्याचा अंगठा हातोड्याच्या वाटेतून दोन बोटं बाजूला सरकवला.